भांडण दोघांचं, मग उपचार तिलाच का?

कृष्णाकाठची (सांगली)
आमच्या महिला मंडळात यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथं मांडते. घरात रोजची धुसफूस, नवऱ्याचा अबोला, सासरचे टोमणे. अशा बाईचं मन बोलत नाही, अंग बोलतं. डोकं धरतं, झोप उडते, पित्त उठतं, पोरांवर उगाच हात पडतो. मग डॉक्टरकडं जाऊन 'अशक्तपणा' म्हणून सलाईन. बरं वाटतं, कारण तेवढाच वेळ कुणी उठवत नाही! त्यापेक्षा समुपदेशकाकडं जावं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

वाळवेकर
पिणारा तो, हात उगारणारा तो आणि बरी व्हायची तिनं? इंदुताई पाटणकरांनी आमच्या कासेगावातून टाकलेल्या बायकांची चळवळ उभी केली, तेव्हा मागण्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घराला जागा अशा होत्या. मन हलकं करून द्या, असं कुणी म्हणत नव्हतं. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं राहत्या घरात राहायचा हक्क दिलाय. तो आधी मिळवून द्या, झोप आपोआप लागेल.

कृष्णाकाठची
आणि तो मिळेपर्यंत तारखांना उभं कुणी राहायचं? तीन-तीन रात्री न झोपलेल्या बाईला अर्जावर काय लिहायचं तेही सुचत नाही.

कराडचा भाऊ
माझा राग वेगळाच आहे. बहिणीला घेऊन समुपदेशनाला गेलो. एका टेबलाशी ती, नवरा, सासू, दीर. बाई म्हणाल्या, 'पोरांकडं बघा, मिटवून घ्या', आणि सह्या घेतल्या. ताई घरी जाऊन आणखी गप्प झाली. याला उपचार म्हणायचं?

कृष्णाकाठची
नाही म्हणायचं. ती तडजोडीची बैठक झाली. उपचारात बाई एकटी बसते आणि नांदायचं की सोडायचं हे समोरचा ठरवत नाही. मारहाण होते का, हे आधी विचारतात. होत असेल तर जोडप्याला एकत्र बसवणं धोक्याचं, तिथं बोललेलं घरी गेल्यावर वसूल होतं. पुढं काम अगदी साधं असतं: झोप, जेवण, सुटलेली माणसं आणि कामं एकेक करून परत धरणं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ बैठकांत असंच काम केलं आणि तीव्र नैराश्य कमी झालं. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 2017 साली तो अभ्यास आलाय.

सातारची वकील
माझ्या अशिलांची भीती कुणी बोलतच नाही. मानसोपचाराचा कागद घरात सापडला, की उद्या 'ही वेडी आहे' म्हणून घटस्फोटाचा दावा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक आजाराचं कारण आहे, हे खरं. पण नुसता आजार दाखवून भागत नाही. सोबत राहणं अशक्य व्हावं इतका तो तीव्र असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्येच हे स्पष्ट केलंय. समुपदेशकाकडं गेल्यानं कुणी वेडं ठरत नाही. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. तरी माझा सल्ला, फाईल सासरी ठेवू नका. माहेरी किंवा मैत्रिणीकडं ठेवा.

कराडचा भाऊ
म्हणजे कायदा तिच्या बाजूनं आणि फाईल लपवायची. वा!

सातारची वकील
हो. दावा टाकायला खरं कारण लागतंच असं नाही, आणि तो खोडून काढेपर्यंत वर्षं जातात.

वाळवेकर
गोव्याचं राहू द्या. जतच्या बाईनं मिरजेला सहा-आठ खेपा कशा घालायच्या? एसटीचं तिकीट 2023 पासून अर्धं झालंय, मान्य. पण म्हशीची धार कोण काढणार? फोनवर बोला म्हणता, तर फोन नवऱ्याच्या खिशात. दर आठवड्याला सासूला काय सांगून निघायचं, ते तुमच्या मंडळानं ठरवलं की कळवा.