अनुभव धागा: निदर्शकांवर बळ चालवलं जातं तेव्हा – जखमा, उपचार, पुरावे

सांजवारा

बांगलादेशातल्या रंगपूरच्या अबू सईद या निदर्शक विद्यार्थ्याचा, पोलिसांसमोर दोन्ही हात पसरून उभा असलेला तो फोटो आज पुन्हा समोर आला. तारीख १६ जुलै २०२४. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नंतर तपासून लिहिलं की साधारण १४ मीटरवरून, किमान दोन वेळा, धातूचे छर्रे त्याच्यावर झाडले गेले. त्याच अहवालाच्या अंदाजानुसार १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात बांगलादेशात १४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, त्यातली बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी.

अशा प्रत्येक वेळी सरकारी निवेदनात एक वाक्य असतंच, "जमाव पांगवण्यासाठी किमान बळ वापरलं". रबरी आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरच्या जगभरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला होता. त्यात १९८४ जखमी, ५३ मृत्यू, ३०० जणांना कायमचं अपंगत्व. मृतांपैकी जवळपास निम्म्यांना मार डोक्याला किंवा मानेला होता. म्हणजे हत्यार कोणतं यापेक्षा ते कुठून आणि कुठे रोखलं हे महत्त्वाचं.

इथे डॉक्टर, नर्स, वकील, व्हिडिओ तपासणारे असे बरेच जण आहेत. आठवणींपेक्षा तुमच्या हाताखालून जाणाऱ्या कामातलं पक्कं ठाऊक असलेलं लिहा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डॉ. मृण्मयी

अश्रुधुरापासून सुरू करते, गैरसमज तिथेच सगळ्यात जास्त. सीएस, म्हणजे अश्रुधुरातलं नेहमीचं रसायन, हा वायू नाहीच, बारीक पूड आहे. नळकांडं पेटलं की ती धुरासोबत उडते आणि केसांत, कपड्यांत, मोज्यांत बसते. म्हणून माणूस घरी पोचल्यावर खोलीतल्या इतरांचेही डोळे चुरचुरतात.

वारा जिकडून येतोय तिकडे आणि शक्य तर उंचावर जा, धूर खाली बसतो. डोळे चोळू नका. लेन्स असतील तर स्वच्छ हातांनी काढून टाकून द्या, धुऊन परत घालायच्या नाहीत. डोळे साध्या स्वच्छ पाण्याने १० ते १५ मिनिटं, नाकाकडून कानाकडे, डोकं कलतं ठेवून, म्हणजे घाण पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, कापा किंवा बटणं सोडा, मग पिशवीत घालून तोंड बांधा. त्यानंतर अंग साबणाने. केस पुढे वाकून धुवा, नाहीतर पूड अंगभर उतरते.

दूध, व्हिनेगर, टूथपेस्ट काही नको. मिरचीच्या फवाऱ्यावर (पेपर स्प्रे) २००८ मध्ये पाच उपायांची तुलना झाली, त्यात दूध आणि पाणीही होतं. वेदना कमी करण्यात कुणाचाच फरक दिसला नाही. दूध निर्जंतुक नसतं, खरचटलेल्या डोळ्यात ते जाऊ नये. तेलकट क्रीमवर पूड चिकटून राहते, तेही नको.

साधारण अर्ध्या तासात उतार पडतो. नाही पडला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, किंवा मुळात दमा आहे, तर थांबू नका. बाकी रात्री लिहिते, ड्यूटी आहे.

कातळशिल्प

मृण्मयीताई, पोहण्याचा गॉगल चालतो का धुरासाठी?

डॉ. मृण्मयी

धुरासाठी चालतो, घट्ट बसला तर. छर्ऱ्यांसाठी अजिबात नाही. त्यासाठी आघात सोसणारा, पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनीही झाकलेला चष्मा लागतो.

नेत्रा

डोळ्यांचं मी लिहिते, कारण वरचा "पाण्याने धुवा" हा सल्ला इथे उलटा पडतो. छर्रा, गोळी किंवा तुकडा लागून डोळा फुटल्याची नुसती शंका असली तरी धुवायचा नाही, दाबायचा नाही, थेंब किंवा मलम घालायचं नाही. बाहुलीचा आकार थेंबासारखा ओढलेला, डोळा खोल गेल्यासारखा, अचानक दिसेनासं झालेलं, ही लक्षणं. कापसाची गादी ठेवून पट्टी बांधली तर दाबाने आतला द्रव बाहेर येतो आणि वाचू शकला असता तो डोळा जातो. कागदी पेल्याचा तळ कापून तो भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असा ठेवा, वरून चिकटपट्टी. रुतलेलं काही ओढू नका. डोकं उंच ठेवून बसवा. उलटीने डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे उलटी थांबवणारं औषध लवकर द्या, इंजेक्शनने. तोंडाने काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शन.

तपासणी करणाऱ्यांसाठी: आधी सीटी. छर्रा कशाचा आहे हे ठरेपर्यंत एमआरआय नाही. पोलादाचा असेल तर चुंबकाने आतच सरकतो.

"रबरी" म्हटल्याने फसू नका. चिलीमध्ये २०१९-२० च्या निदर्शनांत ४०० हून जास्त लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा तिथल्या विद्यापीठाने त्या गोळ्या तपासल्या. रबर फक्त २० टक्के. उरलेल्यात सिलिका, बेरियम सल्फेट, शिसं. असली गोळी मुलायम कशी असेल?

अनघा_पु

वाचूनच पोटात कालवलं. विशी-बाविशीतली पोरं हो ही सगळी.

रानजाई

हो ना अनघा. नेपाळमध्येही ८ सप्टेंबर २०२५ ला एका दिवसात १९ गेले, त्यातही विद्यार्थीच किती.

वॉर्ड नंबर चार

लाठीमाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. हाड मोडलं नाही, एक्स-रे साफ, म्हणून घरी पाठवलेला माणूस तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड निकामी होऊन परत येऊ शकतो. मांड्या, ढुंगण, पाठ यांवर भरपूर मार बसला की स्नायू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. लघवी कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली की तडक रुग्णालय. क्रिएटिन कायनेज (स्नायू किती फुटले ते सांगणारी रक्ततपासणी) ५००० च्या पुढे म्हणजे धोका, आणि ते पहिल्या दिवशी कमी दिसून नंतर चढतं, एकदाच तपासून सोडू नका. पोटॅशियम आणि ईसीजी लगेच. सलाइन इतकं की लघवी ताशी २०० ते ३०० मिली. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देतात, ती आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडाला आणखी मारतात. पॅरासिटामॉल द्या.

डोक्याला मार असेल तर मधे काही तास माणूस अगदी नीट बोलतो, तेव्हा गाफील राहू नका. २४ तास एकटं सोडायचं नाही. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, बाहुल्या लहानमोठ्या, उठवून उठत नाही, यातलं काहीही दिसलं तर सीटी.

दिगंतर

नळकांड्याचा मारही धरा. बगदादमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात जी ४० मिलीमीटरची लष्करी नळकांडी सरळ डोक्यावर मारली ती २२० ते २५० ग्रॅमची होती. पोलिसांची नेहमीची २५ ते ५० ग्रॅमची असतात. कवटी फोडून आत गेलेली. पडलेलं नळकांडं उघड्या हाताने उचलू नका, तापलेलं असतं.

आणि बंद जागा. १८ ऑगस्ट २०१३ ला कैरोजवळ अबू झाबलला कैद्यांनी खच्चून भरलेल्या गाडीत अश्रुधूर सोडला, ३७ जण मेले. दार बंद असेल तर हे साधन जीव घेतं, त्यात "किमान बळ" काही उरत नाही.

हरकत_आहे

कायद्याच्या बाजूने. १९९० च्या हवाना तत्त्वांनुसार (संयुक्त राष्ट्रांची, बळ आणि शस्त्रांच्या वापराबद्दलची) जीव वाचवायला दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तरच जीवघेणा गोळीबार. पाचवं तत्त्व लोक विसरतात: जखमीला लवकरात लवकर उपचार मिळतील आणि घरच्यांना कळवलं जाईल, ही जबाबदारी बळ वापरणाऱ्यांचीच. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२० च्या मार्गदर्शनात तर स्पष्ट आहे की बंदुकीतले धातूचे छर्रे कधीच वापरू नयेत. म्हणजे सांजवाऱ्यांनी वर लिहिलेली घटना "अंतर चुकलं" या सदरात बसतच नाही.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाआधी पूर्ण शरीराचा एक्स-रे मागा, कापड्यांसकट. एकदा शरीर उघडलं की छर्ऱ्यांची मूळ मांडणी गेली. छर्ऱ्यांच्या फैलावावरून अंतराचा अंदाज निघतो, त्यासाठी जखमांचे मोजपट्टी ठेवून फोटो हवेत. कपडे धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. गोळी आत कुठून गेली ते नोंदीत हवंच. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला २१ मार्च १९६० रोजी अधिकृत आकड्यानुसार ६९ जण मारले गेले आणि बहुतेकांना गोळी पाठीत होती, जमाव चालून आला हा दावा तिथेच कोसळतो.

वॉर्ड नंबर चार

केसपेपरवर "पडून मार" लिहायला दबाव येतो. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग, आणि रुग्ण जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. निष्कर्ष नाही लिहिता आला तरी वर्णन पुरं लिहा, ते नंतर उभं राहतं.

पिक्सेल_पाहणारा

व्हिडिओबद्दल दोनच गोष्टी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फाइल दाबली जाते आणि वेळ-जागेची माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल फोनमधून काढू नका, एक प्रत दुसरीकडे. कापाकापी, संगीत, मजकूर सगळं प्रतीवर. चेहरे धूसर करायचे तेही प्रतीवरच, आणि नक्की करा, कारण त्याच व्हिडिओवरून नंतर उचलतात.

घेताना फक्त मारामारीवर झूम नको. १० सेकंद आडवा फोन हळू फिरवून दुकानाची पाटी, खांब, मनोरा, रस्त्याचं वळण घ्या. जागा त्यावरून पक्की होते आणि सावलीवरून वेळ. बांगलादेशात १८ जुलैपासून इंटरनेटच बंद केलं होतं, अशा वेळी मूळ फाइल जपून ठेवणाऱ्यांवर सगळं अवलंबून असतं.

कातळशिल्प

हरकतदादा, "कापड्यांसकट" नाही, कपड्यांसकट 🙂 बाकी सगळं उतरवून घेतलंय.

रक्त थांबत नसेल तर दोरी बांधायची का?

डॉ. मृण्मयी

दोरी किंवा तार नाही, मांसात रुतते आणि रक्त थांबत नाही. आधी जखमेवर थेट जोरात दाब. हातापायातून उसळत असेल तर किमान ४ सेंमी रुंद पट्टा, जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर नाही. गाठीत काठी घालून पीळ द्या, रक्त थांबेपर्यंत. प्रचंड दुखतं, ते अपेक्षित आहे, दया येऊन सैल करू नका. वेळ कपाळावर लिहा. तरी वाहिलं तर पहिल्याच्या वर दुसरा. जांघेत, काखेत पट्टा बसत नाही, तिथे जखमेत कापड ठासून दाबून धरा.

रानजाई

छर्रे अंगात राहिले तर काढायलाच लागतात का? भीती वाटते लोकांना.

नेत्रा

बहुतेक वेळा नाही, शोधत बसलं तर इजाच वाढते. सांध्यात असतील तर काढावे लागतात, सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळतं. बाकीच्यांनी रक्तातलं शिसं अधूनमधून तपासावं, पोटदुखी किंवा हातपाय बधिर होत असतील तर नक्कीच. आणि पुढे कधीही एमआरआय सांगितला तर छर्ऱ्यांबद्दल आधी सांगा, जुना एक्स-रे सोबत न्या.