हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी धाप लागते आणि आकडे चुकतात

प्रश्न
वय 34, काम हिशेबाचं. वर्षभरापासून आठवड्यातून चार दिवस पहाटे उपाशीपोटी धावते. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवणही जवळपास सोडलंय. पहिले दोन महिने छान गेले. आता पाचव्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत, जिना चढताना धाप लागते. पण खरी भीती वाटते ती दुपारची. तीनच्या सुमारास 68 चे 86 लिहिते, एकच ओळ तीनदा वाचते, घरी गेल्यावर मुलावर उगाच ओरडते. हिमोग्लोबिन 12.4, म्हणजे नॉर्मल. मांसाहार नाही, अंडं क्वचित, कॉफी दिवसाला चार कप. मी आळशी झालेय का?

उत्तर 1
आळस नाही हो! फेरिटिन तपासलंत का? तुमच्याच भाषेत सांगते: हिमोग्लोबिन ही हातातली रोकड, फेरिटिन ही लोहाची शिल्लक. शरीर आधी शिल्लक मोडतं, त्यामुळे रोकड बरेच दिवस ठीक दिसते. माझं फेरिटिन 11 होतं. 15 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. पाळीत लोह जातं, त्यात आपण धावतो. कॉफी जेवणाबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळा. बी12 पण बघा, शाकाहारात ते फारसं मिळत नाही. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका, जास्तीचं लोहही बाधतं.

उत्तर 2
मी आहारतज्ज्ञ आहे. लोहाचं पटलं, पण मुळात तुम्ही खाताय किती? मेंदू वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतही शरीराची साधारण 20 टक्के ऊर्जा तोच घेतो. 1945 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, लक्ष लागत नाही म्हणू लागले. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फारसा फरक पडला नाही! तेव्हा तुमची बुद्धी कुठेही गेलेली नाही, पोट रिकामं आहे. धावण्याआधी एखादं केळं, परतल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, आणि रात्रीचं जेवण आजपासून सुरू.

प्रश्नकर्ती, आठ आठवड्यांनी
फेरिटिन 9 निघालं, बी12 सुद्धा कमी. डॉक्टरांनी दोन्हीची औषधं दिली आहेत, साठा भरायला अजून काही महिने लागतील म्हणाले. रात्री जेवायला लागले तेव्हा वजनकाट्याची धास्ती होती. एक किलो वाढलं, वाढू दे. दुपारच्या चुका पहिल्या पंधरवड्यातच कमी झाल्या, म्हणजे ते बहुधा जेवणामुळेच. धाप आता आता कमी होतेय. पाचवा किलोमीटर अजून जड जातो. काल मुलाने विचारलं, आई, तू हल्ली रागवत का नाहीस? तेव्हा मला रडू आलं. कॉफी दोन कपांवर आणलीय, तीही जेवणानंतर दीड तासाने. एवढं अंतर पुरतं का?