मदत हवी : रक्तदान शिबिराचा फ्लेक्स नजरेत भरत नाही (तातडीचं)

नाक्यावरचा
रविवारी शिबिर आहे. डिझाइन तयार आहे, पण मंडळात सगळे म्हणतायत की दम नाही. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, ओघळणारा रक्ताचा थेंब, रेड क्रॉसचं चिन्ह, खाली नियम आणि पाहुण्यांचे फोटो. फाँट बदलू की रंग? उद्या सकाळी प्रिंटला द्यायचंय.

शिरोरेषा
साइज? कुठे लावणार? किती फुटांवरून वाचायचाय? हे कळल्याशिवाय फाँटचं काय सांगणार?

कोरलबहाद्दर
टेक्स्ट कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटवर न अवलंबणाऱ्या आकारांत, करूनच फाइल द्या, नाहीतर प्रिंटरकडे जोडाक्षरं फुटतात. मूळ मापात ७२ ते १०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरे.

नाक्यावरचा
ते माहितीये हो. १० बाय ६ फूट, चौकात. ८० फुटांवरून दिसेल.

शिरोरेषा
दर १० फुटांना १ इंच अक्षर धरा. म्हणजे निदान ८ इंच, मात्रा सोडून. ताशी ४०च्या दुचाकीला ८० फूट म्हणजे जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात काय, कधी, कुठे एवढंच वाचून होतं. नियम काढा. काळ्यावर लाल तर काढाच, दोन्ही गडद, संध्याकाळी एकजीव होतात.

पिवळाधमक
काळ्यावर पिवळं करा. लांबून त्याच्याइतकं काही उठून दिसत नाही.

शिरोरेषा
दिसतं, पण वाटतं काय? काळं-पिवळं म्हणजे 'पुढे काम चालू, सावकाश जा'. इथे माणसाला थांबवून सुई टोचून घ्यायला बोलवायचंय, घाबरवायचं नाही. ओघळता थेंबही नको, अपघाताची बातमी वाटते. पांढऱ्यावर गडद लाल (छपाईच्या चार शाईंचं प्रमाण : सी १०, एम १००, वाय ९०, के १०), वेळ आणि ठिकाण काळ्यात.

पिवळाधमक
पांढरं धुळीनं मळतं. चौकात आठवडाभर टिकायला नको?

शिरोरेषा
मग फिकट क्रीम घ्या. पण काळं-पिवळं नको म्हणजे नकोच.

रक्तगट
रेड क्रॉसचं चिन्ह आधी काढा. जिनिव्हा करार कायदा, १९६० प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. साधा, भरीव लाल थेंब पुरे. नियम व्हॉट्सॲपच्या चित्रावर टाका, ते माणूस हातात धरून वाचतो : वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० आणि महिलांना १२० दिवस झालेले हवेत.

हिरवाई
मुळात फ्लेक्सच कशाला? कापडी बॅनर लावा. आणि पालिकेची परवानगी घेतलीत का?

नाक्यावरचा
परवानगी आहे. कापडाचं पुढच्या वेळी बघू. पाहुण्यांचे फोटो मात्र काढता येणार नाहीत, मंडळ ऐकणार नाही.

शिरोरेषा
फोटो स्टेजमागच्या बॅनरवर मोठे घ्या. तिथे लोक बसून बघतात, मान द्यायची जागा ती. चौकातला फ्लेक्स फक्त बोलावण्यासाठी. फाँट 'मुक्त' (Mukta) किंवा 'बालू' (Baloo) घ्या, दोन्ही मोफत आहेत. त्यातलं फार जाड अक्षर घेऊ नका, 'क्त'मधली पोकळी बुजते. आजच ए४वर आडवी प्रिंट काढा, ती जवळपास दहावा हिस्सा होते. भिंतीला लावा, ८ फुटांवरून ज्याला काही माहीत नाही अशाला दोन सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा.

नाक्यावरचा
काढतो. 'रविवार' एवढंच पुरे की तारीखही हवी?

रक्तगट
दोन्ही. नुसत्या वारावरून हा रविवार की पुढचा, ते कळत नाही.