गव्हाला शेणखतातून दिलेले नत्र वाया जाते का? कार्यक्षमतेचा हिशेब कसा मांडावा?

मृदागंध (प्रश्न):

नमस्कार. सरलेल्या हंगामात मी गव्हाच्या चार वाफ्यांवर एक छोटा प्रयोग केला. पहिल्या वाफ्यात सर्व नत्र युरियातून दिले, दुसऱ्यात सर्व शेणखतातून, तिसऱ्यात दोन्हींतून निम्मे-निम्मे. चौथ्यात युरियाच दिला, मात्र पेरणीच्या आठ दिवस आधी गव्हाचे काड बारीक करून मातीत मिसळले. चारही वाफ्यांत नत्र हेक्टरी १२० किलो या प्रमाणात होते. काडातील नत्र मी हिशेबात धरलेले नाही.

शेणखताचा वाफा फुटव्यांच्या अवस्थेपर्यंत फिकट राहिला. खालची पाने आधी टोकाशी पिवळी पडली आणि तो पिवळेपणा मधल्या शिरेवरून पानाच्या बुडाकडे सरकत गेला. काडाच्या वाफ्याची स्थिती याहून वाईट होती. मात्र दाणे भरण्याच्या वेळी सर्वांत उशिरापर्यंत हिरवा राहिला तो शेणखताचाच वाफा. दाण्यांचे उत्पादन मिश्र वाफ्यात सर्वाधिक आले, त्याखालोखाल युरियाच्या, मग शेणखताच्या आणि शेवटी काडाच्या वाफ्यात. उत्पादनाला दिलेल्या नत्राने भागले असता शेणखताची कार्यक्षमता युरियापेक्षा बरीच कमी दिसते. मग शेणखतातील नत्र वाया गेले असे समजावे का? आणि तसे असेल, तर निम्मे नत्र शेणखतातून घेणारा मिश्र वाफा युरियाच्या पुढे कसा गेला?

मुकुटमूळ:

आपल्या प्रश्नातील अडचण '१२० किलो' या आकड्यातच आहे. युरियातील ४६ टक्के नत्र काही दिवसांतच पिकाला घेता येईल अशा रूपात येते. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे १२० किलोंसाठी आपण हेक्टरी सुमारे २४ टन शेणखत घातले असणार. पण त्यातील बहुतेक नत्र सेंद्रिय संयुगांत अडकलेले असते आणि जिवाणूंनी ते फोडून अमोनियम व पुढे नायट्रेट केल्याशिवाय मुळांच्या उपयोगाचे नसते. पहिल्या हंगामात त्यातील पाचवा ते चौथा हिस्सा मोकळा झाला तरी पुष्कळ. थोडक्यात, आपल्या दुसऱ्या वाफ्याला पहिल्या हंगामापुरते २४ ते ३० किलो नत्र मिळाले. वाफे सारखे होते ते केवळ वहीत.

यात गव्हाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. हे थंड हवेचे पीक असून खनिजीकरणाला, म्हणजे सेंद्रिय नत्र असे फोडून मोकळे होण्याला, ऊब लागते. रोपाला सुरुवातीला फारसे नत्र लागत नाही, परंतु कांडी धरू लागल्यापासून ओंबी निसवेपर्यंत मागणी झपाट्याने वाढते आणि फुलोऱ्यापर्यंत एकूण नत्राचा बराच मोठा भाग रोपाने उचललेला असतो. दाण्यात पुढे जे नत्र भरते ते मुख्यतः पाने आणि खोड यांतूनच वर सरकते. खालची पाने आधी पिवळी पडली, यातही तीच गोष्ट दिसते: नत्र कमी पडले की रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते. (पिवळेपणा नव्या पानांपासून सुरू झाला असता, तर मी आधी गंधकाची शंका घेतली असती.) थंडी ओसरून माती तापली तेव्हा शेणखत मोकळे होऊ लागले, म्हणून तो वाफा शेवटपर्यंत हिरवा दिसला, पण तोवर फुटव्यांची आणि ओंब्यांची संख्या ठरून गेली होती. उशिरा मिळालेल्या नत्राने दाण्यांची संख्या वाढत नाही, वाढलीच तर प्रथिने वाढतात. चारही वाफ्यांतील दाण्यांचे नत्र तपासून घ्या आणि त्याला ५.७ ने गुणा, म्हणजे प्रथिनांचे प्रमाण कळेल. शेणखताचा वाफा तेथे कदाचित आपल्याला चकित करील.

शेतमापक:

मला हिशेबाच्या रीतीबद्दल लिहायचे आहे. उत्पादन भागिले दिलेले नत्र या आकड्यात मातीने स्वतःकडून पुरवलेले नत्रही खताच्या खात्यावर जमा होते. गव्हाने उचललेल्या नत्रापैकी निम्मे किंवा त्याहून अधिक बहुधा मातीचेच असते. म्हणून नत्र अजिबात न दिलेला एक वाफा असल्याशिवाय या हिशेबाला आधार नाही, आणि आपल्या प्रयोगात नेमका तोच नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा शून्य नत्राच्या वाफ्यात हेक्टरी २००० किलो दाणे आले आणि १२० किलो नत्र दिलेल्या वाफ्यात ४४०० किलो. वाढ २४०० किलोंची, म्हणजे दर किलो नत्रामागे २० किलो दाणे. आपल्या रीतीने तोच आकडा जवळजवळ ३७ येतो. आता या १२० किलोंच्या वाफ्याने दाणे व काड मिळून १०० किलो नत्र उचलले आणि शून्य वाफ्याने ४६ किलो, असे धरले तर खतामुळे जास्तीचे उचलले गेलेले नत्र ५४ किलो, म्हणजे दिलेल्या नत्राच्या ४५ टक्के. उचललेल्या या प्रत्येक जास्तीच्या किलोमागे ४४ किलो दाणे तयार झाले. मुळांना किती मिळाले आणि मिळालेल्याचे रोपाने काय केले, हे दोन प्रश्न वेगळे काढल्याशिवाय शेणखत कोठे मागे पडले ते कळणार नाही. माझा अंदाज असा की ते पहिल्या प्रश्नात मागे पडले आहे, दुसऱ्यात नाही.

कर्बमित्र:

मुकुटमूळ यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे; मात्र त्याने प्रश्नाचा दुसरा भाग सुटत नाही. त्यांच्याच हिशेबाने मिश्र वाफ्याला युरियाचे ६० आणि शेणखताचे फार तर १५, असे ७५ किलो उपलब्ध नत्र मिळाले. तो वाफा १२० किलो युरियाच्या पुढे गेला, याचा अर्थ एकतर युरियातील बरेच नत्र वाटेत हरवले किंवा शेणखताने नत्राखेरीज दुसरे काही दिले. बारा टन शेणखताबरोबर स्फुरद, गंधक, जस्त आणि बऱ्यापैकी पालाश येते. ही अन्नद्रव्ये आपण सर्व वाफ्यांत सारखी केली होती का? आणि युरिया कसा दिला होता?

काडाचे मात्र कोडे नाही. एक टन काडात सुमारे ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र असते, म्हणजे गुणोत्तर ८० ला १. जिवाणूंनी त्या कर्बापैकी एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १३० किलो, स्वतःच्या शरीरात घेतला तर दर दहा किलो कर्बामागे एक किलो या हिशेबाने त्यांना १३ किलो नत्र लागते. काडात असते ५. उरलेले ८ किलो ते मातीतून, म्हणजे आपल्या युरियातूनच उचलतात. हे नत्र नाहीसे झालेले नाही, पण गव्हाला हवे होते तेव्हा ते जिवाणूंच्या ताब्यात होते. काडाला आठ दिवस अगदीच अपुरे. अर्धवट कुजलेले शेणखतही असेच वागते: ढेकूळ फोडून पाहावे, आत काडी ओळखू येत असेल आणि हाताला ऊब लागत असेल, तर ते अजून तयार नाही.

मृदागंध:

स्फुरद आणि पालाश सर्व वाफ्यांत खतातून सारखेच दिले, शेणखतातील वेगळे वजा केले नाही. गंधक आणि जस्त कोठेच दिले नाही. निम्मा युरिया पेरणीच्या वेळी मातीत मिसळला आणि उरलेला पहिल्या पाण्यानंतर दोन दिवसांनी ओल्या मातीवर फेकून दिला. माती थोडी विम्ल (अल्कधर्मी) आहे.

कर्बमित्र:

मग संशय फेकलेल्या युरियावर जातो. ओल्या पृष्ठभागावर दाणा विरघळतो, मातीतील युरिएज विकर त्याचे विघटन करते, दाण्याभोवतीचा सामू (पीएच) वर चढतो आणि नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. माती मुळातच विम्ल असेल तर अधिक. युरियाच्या वाफ्यात आपण ६० किलो नत्र असे उघड्यावर ठेवले, मिश्र वाफ्यात ३०च. वरखताचा हप्ता पाण्याच्या आधी देऊन लगेच पाणी सोडले असते, तर युरिया पाण्याबरोबर मुळांपर्यंत खाली गेला असता. तरीही जस्ताची शक्यता मी सोडणार नाही, कारण विम्ल मातीत त्याची उणीव सहज पडते.

मुकुटमूळ:

आक्षेप रास्त आहे. युरिया कसा दिला हे मी विचारायला हवे होते.

'वाया गेले का' याबद्दल एक भर घालतो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क शेतावर १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तेथील एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळत आले असून त्या मातीतील सेंद्रिय कर्ब रासायनिक खतांच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी वाढला आहे. म्हणजे न वापरलेले नत्र साठते, हे खरे. पण ही शिल्लक पिकाची वाट पाहत थांबत नाही: कापणीनंतर शेत मोकळे असतानाही खनिजीकरण चालूच राहते आणि ते नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपते. शेणखताचे नत्र कधीच वाया जात नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग पाहावा.

मृदागंध:

पुढील हंगामात शून्य नत्राचा वाफा ठेवतो, जस्त व गंधक सर्वत्र सारखे देतो आणि युरिया पाण्याच्या आधी देतो. शेणखताच्या जुन्या वाफ्यात या वेळी काहीही न घालता त्याचा मागील शिल्लक परिणाम मोजावा, असा विचार आहे.

शेतमापक:

शिल्लक परिणाम मोजायचा असेल, तर मशागत वाफ्याच्या लांबीच्या दिशेनेच करा. आडवा कुळव फिरला की शेणखताची माती शेजारच्या वाफ्यात ओढली जाते. कापणीचा नमुना कडेच्या दोन-दोन ओळी सोडून मधूनच घ्या. आणि प्रत्येक प्रकाराचे निदान तीन वाफे करा, कारण एकेका वाफ्यावरून आपण आतापर्यंत जी चर्चा केली, तिच्यातील किती भाग खताचा आणि किती जमिनीच्या चढउताराचा, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.