ग्लायल पेशींना मराठीत काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ: मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. ग्लायल पेशींसाठी, म्हणजे मेंदूत चेतापेशींच्या (नर्व्ह सेल्सच्या) सोबतीला असणाऱ्या पेशींसाठी, मी 'आधारपेशी' लिहिलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून 'चेताश्लेष्म पेशी' केलं. श्लेष्म वाचलं की माणसाला सर्दी आठवणार. आजार मायलिनचा, म्हणजे मज्जातंतूंवरच्या वेष्टणाचा. ते वेष्टण ग्लायल पेशीच घालतात, म्हणून या पेशी पानोपानी येणार. काय ठेवू?

गंधसरू: डॉक्टरांचा शब्द मुळाला धरून आहे. रुडॉल्फ फिरखोने 1856 मध्ये 'न्यूरोग्लिया' हे नाव रूढ केलं, आणि त्याचा जर्मन अर्थ दिला 'नेर्वनकिट'. किट म्हणजे काचा बसवायला, भेगा बुजवायला वापरतात ती लांबी. ग्रीक ग्लिया म्हणजे सरस, डिंक. आपल्याकडे श्लिष् म्हणजे चिकटणे. त्यातूनच श्लेष, आश्लेष आणि श्लेष्म. याहून चोख प्रतिशब्द मिळणार नाही. सर्दी आठवते म्हणून शब्द टाकायचा का?

पानगळ: प्रतिशब्द चोख आहे, पण समजूत 1856 ची आहे. मी जीवशास्त्र शिकवते. 'या पेशी मेंदूला चिकटवून ठेवतात' असं मुलं लिहितात, आणि ते याच नावामुळे. ग्लायल पेशींचे प्रकार अनेक. त्यांतली एक अ‍ॅस्ट्रोसाइटच काय काय करते बघा. दोन चेतापेशींच्या सांध्यावर ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सांडतं. ते वेळेत उचललं नाही तर चेतापेशी उत्तेजित होऊन होऊन मरतात. अ‍ॅस्ट्रोसाइट ते शोषते, त्याचं ग्लुटामिन करते आणि चेतापेशीला परत देते. बाहेर साठलेलं पोटॅशियमही तीच आवरते. तिच्या फांद्यांची टोकं केशवाहिन्यांना वेढून बसलेली असतात. यात चिकटवणं कुठे आलं?

शब्दवेल्हाळ: म्हणजे 'आधारपेशी' बरोबर?

पानगळ: तोही तोकडाच. मायक्रोग्लिया हा दुसरा प्रकार, तिला आधार कसं म्हणाल? ती मेंदूतली पहारेकरी. मेलेल्या पेशी गिळते, वाढत्या वयात नको असलेले सांधे छाटते. शिवाय ती बाकीच्यांच्या कुळातलीही नाही. गर्भाच्या पीतककोशात जन्मते आणि मेंदूत येऊन राहते. स्पॅनिश संशोधक रिओ होर्तेगाने शंभरेक वर्षांपूर्वी तिला वेगळं काढलं. सगळ्यांना एका शब्दात कोंबायचा हट्ट सोडा.

रानवारा: मग वेगळीच नावं द्या. अ‍ॅस्ट्रोसाइटला तारकापेशी, ऑलिगोडेन्ड्रोसाइटला अल्पशाखी पेशी, मेंदूच्या पोकळ्यांना आतून लागून असलेल्या एपेन्डायमल पेशींना अस्तरपेशी. वाचताक्षणी कळतात.

गंधसरू: 'अस्तर' फारसी आहे. एपेन्डायमाचा मूळ अर्थ वरून घ्यायचं वस्त्र, म्हणजे आपलं उत्तरीय. उत्तरीय पेशी म्हणा.

रानवारा: उत्तरीय अंगावरून घेतात, अस्तर आतून लावतात. या पेशी आतून आहेत. त्यांच्या केसांसारख्या तंतूंच्या हालचालीने मेंदूतलं पाणी पुढे सरकायला मदत होते. शिंप्यापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द केवळ फारसी म्हणून परका ठरवणं मला अजिबात मान्य नाही. असं चाळत बसलो तर 'कागद' आणि 'शाई'ही जातील.

गंधसरू: रोजच्या बोलण्यातून काढा असं मी म्हटलेलंच नाही. परिभाषेला साधित शब्द लागतात. श्लेषपासून श्लेषी, श्लेषीय, श्लेषार्बुद (या पेशींची गाठ) असे होतात. अस्तरपासून काय करणार?

माजघर: आयुर्वेदात कफाचे पाच प्रकार आहेत. सांध्यांतला तो श्लेषक, आणि डोक्यात राहून इंद्रियांचं पोषण करणारा तो तर्पक. पोषण हेच काम असेल तर 'तर्पक पेशी' का नको?

पानगळ: शब्द सुरेख आहे, पण वाचणारा तर्पक कफ आणि या पेशी एकच समजेल. रुग्णाच्या हातातल्या कागदावर तो घोटाळा नको.

शब्दवेल्हाळ: पुस्तिकेतलं वाक्य देते: 'मेंदूत व मज्जारज्जूत मायलिनचं वेष्टण ऑलिगोडेन्ड्रोसाइट घालतात; एकच पेशी अनेक तंतूंना वेष्टण पुरवते, म्हणून ती गेली की नुकसान बरंच पसरतं.' इथे 'अल्पशाखी' लिहिलं तर 'अल्प' आणि 'अनेक' शेजारी येतात. कुणीतरी विचारणारच.

माजघर: 'मज्जारज्जू' मात्र खटकतं. मज्जा म्हणजे हाडातला मगज. माझ्या वडिलांच्या अहवालात अस्थिमज्जा लिहिलं होतं, आणि पाठीच्या कण्याला काही झालं असं समजून घरातले सगळे घाबरले होते. मेरुरज्जू म्हणा.

रानवारा: मज्जासंस्था, मज्जातंतू पिढ्यान्‌पिढ्या रुजलेत. आता बदलणार कसे?

गंधसरू: मग 'पेशी'चंही बघा. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि आपला स्नायू बंगालीत नर्व्ह होतो. एकाच संस्कृतातून निघून तीन भाषा तीन वाटांनी गेल्या. अर्थ धरून ठेवले नाहीत तर असंच होतं.

रानवारा: त्या तिन्ही भाषांत शरीरशास्त्र शिकवलं जातंच आहे. वाटा वेगळ्या झाल्या म्हणून कुणाचं अडलेलं नाही.

पानगळ: शब्दवेल्हाळ, 'ऑलिगोडेन्ड्रोसाइट'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'मायलिन तयार करणारी पेशी' असं जोडा. रुग्णाच्या अहवालात मायलिन हाच शब्द असेल.

गंधसरू: आणि 'ग्लायल'चं काय करायचं ते राहिलंच. मी अजून श्लेषपेशीवर ठाम आहे, 'म' वगळून.