मे महिन्यात अकोल्यात बटरक्रीम टिकेल का? (अंड्याशिवाय हवंय)

वऱ्हाडी_मृ (अकोला):
नमस्कार मंडळी. लेकीचा पहिला वाढदिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय. केक घरीच करायचा असं मी घरात सगळ्यांसमोर बोलून बसले आहे, आता माघार नाही. स्पंजची काळजी नाही, दह्याचा व्हॅनिला स्पंज माझा हातखंडा आहे. प्रश्न वरच्या क्रीमचा. बेकरीच्या केकवर असते ती व्हिप क्रीम घरात कुणालाच आवडत नाही, टाळूला तेलकट थर बसतो. म्हणून बटरक्रीम करावं म्हणतेय.

अडचणी अशा. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे अंड्याचा पांढरा भाग वगैरे बाद. व्हिडिओतल्या रेसिपीत बटरच्या दुप्पट आयसिंग शुगर असते, तेवढं गोड आमच्याकडे कुणाला चालत नाही. घरात अमूलचं नेहमीचं पिवळं बटर आहे, ते चालेल का? आणि मुख्य म्हणजे ऊन! बाप्पा, इथे दुपारी ४४ असतं. घरात कूलर आहे, एसी फक्त बेडरूममध्ये. हॉलवर तीस-पस्तीस माणसं, केक रात्री आठला कापायचा. दोन किलोचा अंदाज धरलाय.

परदेशी_पाहुणा (न्यू जर्सी):
मी नेहमी स्विस मेरँग बटरक्रीम करतो. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर वाफेवर ७१ अंशांपर्यंत तापवायची, मग फेटून गार करायचं आणि बटर थोडं थोडं घालत जायचं. रेशमासारखं होतं आणि फार गोडही नाही. तुमच्याकडे अंडं चालत नाही हे वाचलं, पण सासूबाईंसाठी एक छोटा वेगळा केक करता येईल की.

वऱ्हाडी_मृ:
दादा, पहिल्या वाढदिवसाचा केक आजीने खायचा नाही, असं मी घरात सांगू शकत नाही :)

भट्टीवाली (जळगाव):
मृणाल असाल बहुतेक, मृच म्हणते. मी जळगावात घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तुमच्या उन्हाशी माझी चांगली ओळख आहे. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी बटर. नेहमीच्या पिवळ्या बटरमध्ये १०० ग्रॅममागे साधारण दोन ग्रॅम मीठ असतं. तुम्हाला अर्धा किलो बटर लागणार, म्हणजे दहा ग्रॅम मीठ. दुप्पट साखर घालणारे त्या खारटपणावर साखरेची चादर ओढतात, तुम्हाला साखर कमी हवी आहे तर तो लपणार नाही. अनसॉल्टेडचा ५०० ग्रॅमचा पुडा आणा. किराणा दुकानात मिळेलच असं नाही, पण केकचं सामान विकणाऱ्या दुकानात असतोच. आणताना थर्मासची पिशवी न्या, स्कूटीच्या डिकीत ठेवाल तर घरी तूप येईल.

आता कुठलं क्रीम. बिनअंड्याची तीन मला माहीत आहेत. एक, नुसतं बटर आणि आयसिंग शुगर. सोपं आहे, पण साखर कमी केली की ते उभंच राहत नाही, कारण त्याचा सगळा ताठपणा साखरेचा असतो. दुसरं, बटर फेटून त्यात कंडेन्स्ड मिल्क. चवीला तिन्हींत हेच सरस, डिसेंबरात मी हेच करते. मेमध्ये ते केकवरून खाली चालत येतं.

तुमच्यासाठी तिसरं: मैदा शिजवून करतात ते. अमेरिकेत त्याला अर्मीन म्हणतात. रेड व्हेल्वेट केकवर आज सर्रास क्रीम चीज दिसतं, पण आधी तिकडे त्यावर हेच लावायचे. नाव ऐकून नाक मुरडू नका, खाताना मैदा अजिबात कळत नाही. गोडी बेताची, अंडं नाही, आणि शिजलेल्या मैद्याने दुधातलं पाणी धरून ठेवलेलं असतं, म्हणून कमी साखरेतही ते उभं राहतं.

अर्धा लिटर दूध, ८० ग्रॅम मैदा, ४०० ग्रॅम साखर. मैदा आणि साखर कोरडीच एकत्र करून घ्या, म्हणजे गुठळ्या धरत नाहीत. त्यात गार दूध थोडं थोडं घालत व्हिस्कने फिरवा, मग मध्यम आचेवर ठेवा. हात थांबवायचा नाही, बुडाला पटकन लागतं. पहिला बुडबुडा फुटला की झालं असं वाटतं, पण तिथून पुढे पूर्ण दोन मिनिटं शिजवा, नाहीतर कच्च्या मैद्याचा वास राहतो आणि तो व्हॅनिलाने झाकत नाही. पोस्टर चिकटवायच्या खळीइतकं घट्ट व्हायला हवं. गरम असतानाच गाळणीतून दाबून काढा आणि प्लास्टिकचा कागद थेट त्याच्या अंगाला टेकवून झाका. वर साय धरली तर नंतर क्रीममध्ये चिंध्या येतात.

आता खरी मेख. प्रत्येक रेसिपीत लिहिलेलं असतं की मिश्रण आणि बटर दोन्ही 'रूम टेंपरेचरला' येऊ द्या. लिहिणाऱ्याची रूम २० ते २२ अंशांची असते. आपली मेमध्ये ३६-३८. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं. म्हणजे आपल्या ओट्यावर 'रूम टेंपरेचरला' आलेलं बटर वाटीतून पिता येईल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचं क्रीम बिघडतं ते नव्वद टक्के इथेच, आणि त्या बिचाऱ्या आपल्या हातालाच दोष देत बसतात. तेव्हा ही दोन शब्दांची सूचना कुठेही वाचलीत की खोडून तिथे '२१ अंश' लिहा. शिजवलेलं मिश्रण आधी बाहेर कोमट होऊ द्या, मग फ्रीजमध्ये गार करा. बटर फ्रीजमधून काढून तुकडे केले की पाच-दहा मिनिटांत तयार होतं, पुस्तकातला तास विसरा. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट तेलकट होता कामा नये. काट्याचा डिजिटल थर्मामीटर घेतलात तर उत्तमच, महाग नसतो.

काम बेडरूममध्ये करा. होय, पलंगावर वर्तमानपत्र पसरून. एसी २० वर ठेवा आणि पहाटे पाच-साडेपाचला सुरू करा, तेव्हा भिंतीसुद्धा जरा निवलेल्या असतात. कूलरच्या खोलीत नको. गारवा पुरत नाहीच, वर हवेत पाणी येतं.

बटर एकटंच पाच-सहा मिनिटं फेटा, पांढरट आणि फुललेलं दिसेपर्यंत. मग मैद्याचं मिश्रण एकेक मोठा चमचा घालत जा, घालताना मशीन चालूच. शेवटी चिमूटभर मीठ, दोन चमचे व्हॅनिला. मधेच दह्यासारखं फाटल्यागत दिसलं तर मिश्रण जास्त गार होतं. फेटत राहा, नाहीच जमलं तर भांड्याला बाहेरून गरम पाण्यात भिजवलेला कपडा लावा. उलट पातळ व्हायला लागलं तर गरम झालंय. भांडं मशीनसकट बाजूला, पंधरा मिनिटं फ्रीज, पुन्हा फेटा. दोन्ही वेळा काहीही फेकायचं नाही.

उन्हासाठी माझी एक जोडणी आहे. साखर ४०० ऐवजी ३०० घ्या आणि २०० ग्रॅम व्हाइट कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती चरबीचं पांढरं चॉकलेट) वितळवून, हाताला अजिबात ऊब लागणार नाही इतकं निववून सगळ्यात शेवटी फेटून घाला. त्यातली चरबी बटरपेक्षा उशिरा वितळते, म्हणून क्रीमला कणा येतो. बाजारात काहीजण याच कामासाठी निम्मं वनस्पती तूप घालतात. ती चरबी तोंडाच्या उबेतही पुरती विरघळत नाही, म्हणूनच तुम्ही म्हणता तो थर टाळूला बसतो. कंपाउंडही त्याच जातीचं, खोटं कशाला बोलू, पण अर्धा किलो बटरला दोनशे ग्रॅम इतपत जीभ पकडत नाही. खऱ्या कोको बटरचं व्हाइट चॉकलेट परवडत असेल तर तेच घ्या, थोडं कमी टिकेल, चव छान लागेल.

आणि हे सगळं करूनही सांगते: ४४ अंशांत टिकेल असं बटरचं क्रीम कुणाच्याही रेसिपीत नाही. फ्रीजमधून केक बाहेर किती वेळ राहणार, तेवढाच हिशोब करायचा. एसी हॉल असेल तर पाऊण तास निवांत. नसेल तर वीस मिनिटं धरा आणि फोटोवाल्याला तसं आधीच बजावा.

वऱ्हाडी_मृ:
ताई, पलंगावर वर्तमानपत्र! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आत्ताच घाबरलाय. हॉल एसीचा आहे, पण लाइटचा भरवसा नाही. आठचे साडेनऊ होणार हेही नक्की, पाहुण्यांना आम्ही ओळखतो. घरून हॉल वीस मिनिटांवर.

दुधावरची_साय (सातारा):
मधेच विचारते. घरचं पांढरं लोणी भरपूर निघतं आमच्याकडे, म्हशीचं. ते मीठ नसलेलंच असतं. पुडा कशाला विकत आणायचा?

भट्टीवाली:
साय, तुमच्या घरच्या लोण्यावर थालीपीठ खायला मी येईन, पण केकवर ते लावणार नाही. विकतच्या बटरमध्ये पाणी जास्तीत जास्त १६ टक्के आणि चरबी किमान ८० टक्के असावी लागते. घरच्या लोण्यात पाणी किती राहिलं ते त्या दिवशीच्या ताकावर आणि तुमच्या मनगटावर. पाणी जास्त झालं की क्रीम फाटतं. शिवाय विरजणाचा आंबटपणा असतोच. अगदी करायचंच तर ताजं, त्याच दिवशीचं लोणी बर्फाच्या पाण्यात धुवत राहा, पाणी नितळ येईपर्यंत, मग मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगा. त्यातून कपकेकपुरतं होईल. दोन किलोच्या केकवर हा प्रयोग नको.

मृ, लाइट गेली तरी घाबरायचं नाही. केक आदल्या दिवशीच पुरा करा. पहिला पातळ हात, त्याने सुटलेला चुरा धरला जातो, मग अर्धा तास फ्रीज, मग दुसरा जाड हात आणि नक्षी. रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की क्रीम दगड होतं आणि नेताना तोच दगड कामाला येतो. खोक्यात घालून ते खोकं थर्मोकोलच्या पेटीत ठेवा, बाजूने बर्फाच्या गोठवलेल्या बाटल्या, केकला टेकू न देता. गाडीत पेटी पायाशी सपाट ठेवा, मांडीवर नको, मांडी तिरकी असते.

हॉलवर केटररला आधीच विचारून ठेवा, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर असतो त्यांच्याकडे. तासभर त्यात राहिला तर बिघडत नाही, रात्रभर मात्र नको. मुंबईवाल्यांना हे सांगताना मी दहा वेळा विचार करते, कारण तिथे फ्रीझरमधून काढलेला केक दमट हवेत लगेच घाम सोडतो आणि रंग ओघळतात. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी, केकला घाम फारसा येत नाही. आपल्या उन्हाचा एवढा एकच फायदा. फक्त केकच्या टेबलाशेजारी हॉलवाल्याने मोठा कूलर लावलाय का ते बघा, असेल तर बंद करायला लावा.

आणि ती पोरं फेसाचा स्प्रे घेऊन येतात ना, त्यांना दारातच अडवा. एवढं बटर फेटून वर साबण खायचा का?

परदेशी_पाहुणा:
ताई, इथे बाहेर बर्फ असताना मी बटर मऊ व्हायची वाट बघत बसतो. '२१ अंश' लिहून फ्रीजवर चिकटवतो. मृ, पिवळसर छटा खटकत असेल तर टूथपिकच्या टोकावर जांभळा जेल कलर घेऊन फेटा. पिवळ्यावर जांभळा पडला की छटा मारली जाते आणि क्रीम पांढरं दिसतं. टोकावर म्हणजे खरंच टोकावर, जास्त झालं तर राखाडी दिसेल.

भट्टीवाली:
बरोबर. आणि रंग जेलचाच, पाण्याचा नाही. निळा करायचा असेल तर पिवळेपणा आधी घालवा, नाहीतर हिरवट येतो.

वऱ्हाडी_मृ:
निळा नाही, फिका गुलाबी. शेवटचा प्रश्न. केकवर लेकीचं नाव मराठीतच लिहायचंय. नोझल कुठलं? माझं इंग्रजी अक्षर बरं येतं, देवनागरीत वेलांट्या एकमेकांत घुसतात.

भट्टीवाली:
नाव क्रीमने लिहूच नका, गरम हातात पिशवी धरली की ते मऊ पडतं आणि रेघ जाड होते. थोडं डार्क कंपाउंड वितळवा, बटर पेपरचा कोन करून टोक अगदी बारीक कापा. केक थेट फ्रीजमधून काढलेला हवा, म्हणजे पडलेली रेघ तिथेच घट्ट होते. शिरोरेघ आधी काढायची नाही. आधी टूथपिकने पुसट खुणा करून अक्षरं मोकळी मोकळी लिहा, मग काने आणि वेलांट्या, आणि सगळ्यात शेवटी एका दमात आडवी रेघ ओढा. सरावाला स्टीलचं ताट उलटं घ्या, त्यावर लिहा, खरवडा, परत वितळवा. 'चि.' विसरू नका, आजीला आवडेल, आणि त्यासाठी डावीकडे जागा आधीच सोडा.