मसाल्याचे पाऊच ऑनलाइन मागवायचेत, सप्लायर कसा पारखायचा?

सातारची चटणी:
घरगुती मसाला आता दुकानांत ठेवायचाय. पाव किलोचे छापील पाऊच हवेत, सुरुवातीला दोन हजार. काल इंडियामार्टवर चौकशी टाकली आणि रात्रीपर्यंत फोन थांबेना. एकाच मापाच्या पाऊचला एकाचा भाव दुसऱ्याच्या दुप्पट! एक जण तर म्हणतो, आजच पूर्ण पैसे भरा, उद्या भाव वाढेल. अनुभव असेल त्यांनी सांगा.

पाकीटवाला:
ताई, पूर्ण पैसे आधी देऊच नका. भावातला फरक बहुतेक मायक्रॉनचा, म्हणजे पाऊचच्या जाडीचा असतो. किती मायक्रॉन, किती थर, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि दोन हजारांसाठी सिलिंडरची (डिझाइन कोरलेल्या रोलरची) छपाई परवडत नाही, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. सध्या साधे पाऊच घेऊन वर स्टिकर लावा, नाहीतर डिजिटल छपाईवाला गाठा.

लोणचेवाली मावशी:
मी यात पोळलेय, म्हणून कळकळीनं लिहितेय. सॅम्पल जाड आलं, मालाची गोणी फोडली तर पाऊच बोटांत चुरगळत होते. सील सुटून तेल बाहेर, चाळीस बरण्यांचं लोणचं वाया. फोटो पाठवले, त्यानं फोन उचलणंच बंद केलं. तेव्हापासून पसंत केलेल्या सॅम्पलवर सही-तारीख घालून एक माझ्याकडे ठेवते, एक त्याला पाठवते. नवा माल आला की आधी दोन पाऊचमध्ये आपलाच मसाला भरून सील करते, वर वजन ठेवते आणि रात्रभर तसंच राहू देते.

हिशेबनीस:
जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाका, लॉगिन लागत नाही. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, रिटर्न भरतो का, सगळं दिसतं. नंबर १५ अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४. पैसे फर्मच्याच नावाच्या खात्यात टाका, कुणाच्या खासगी नंबरवर नको. तुमचीही जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं बिल जीएसटीआर-२बीत (पोर्टलवर दिसणाऱ्या तुमच्या खरेदी-बिलांच्या यादीत) आलं का तेही बघा. त्यानं रिटर्न भरलं नाही तर तुमचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं.

सातारची चटणी:
हिशेबनीसदादा, आत्ताच पाहिलं. घाई करणाऱ्याची नोंदणी रद्द दाखवतेय! मावशी, बाकीच्यांपैकी दोघांकडून सॅम्पल मागवलेत. आले की काळा मसाला भरून, वजन ठेवून बघते आणि इथेच कळवते.